विमानतळापासून फक्त पंधरा मिनिटे

पुणे–नगर रस्त्याने शिक्रापूर ओलांडलं, किंवा पुणे–सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं, की उसाच्या कडेला पत्र्याच्या मोठमोठ्या पाट्या दिसू लागतात. चित्र ठरलेलं असतं. हिरवळ, त्या हिरवळीवर आई-बाप आणि दोन मुलं, मुलांच्या हातात फुगा आणि फुग्याच्या वर आकाशात चाललेलं विमान. खाली मजकूर : एनए प्लॉट, क्लिअर टायटल, हप्त्यांची सोय, स्वतंत्र सातबारा. आणि सगळ्यांत शेवटी लाल अक्षरांत, ‘प्रस्तावित आंतरराष्ट्रीय विमानतळापासून फक्त १५ मिनिटे’. शिक्रापूरकडच्या जुन्या, ऊन खाऊन फिकट झालेल्या पाट्यांना अभिप्रेत असलेलं विमानतळ चाकणचं. यवतकडच्या ताज्या पाट्यांना अभिप्रेत असलेलं विमानतळ पुरंदरचं. मधल्या काळात विमानतळ एका तालुक्यातून उठून दुसऱ्या तालुक्यात गेलं, पण पंधरा मिनिटं होती तिथेच राहिली. हे अंतर कोणत्या वाहनाने मोजलं, असा प्रश्न काही खवचट लोक विचारतात. लोहगावहून उडणारं हवाई दलाचं सुखोई धरलं तर पंधरा मिनिटं जास्तच होतात, आणि एसटी धरली तर पंधरा मिनिटांत ती स्टँडातून जेमतेम बाहेर पडते. पण प्रश्न चुकीचा आहे. पाटीवरची पंधरा मिनिटं हे अंतर नाही, तो दर आहे.

माझं म्हणणं असं, की शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना आजवर ज्या विमानतळाचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला ते बांधलेलं नसून प्रस्तावित होतं, आणि त्यांच्या हिताचा विचार केला तर ते प्रस्तावितच राहावं. हे ऐकून दोन्ही तालुक्यांतले अभिमानी लोक चिडतील. ‘म्हणजे आम्ही कायम स्टँडवरच उभं राहायचं का?’ असं विचारतील. त्यांची बाजू मी आधी मांडतो, कारण ती लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे शिरूर आणि दौंड मिळून लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर जाते. त्याच जनगणनेत अख्ख्या सिक्कीम राज्याची लोकसंख्या सहा लाख दहा हजार होती. म्हणजे घोडनदीपासून दौंड जंक्शनपर्यंतचा हा पट्टा माणसांच्या हिशेबाने एका छोट्या राज्यापेक्षा मोठा आहे. फक्त त्याला राज्यपाल नाही. आता सिक्कीमला विमानतळ आहे. गोव्याला तर दोन आहेत. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये सुरू केलेलं दाबोळी, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागलेलं मोपा. सिक्कीमचा लोकसभेत एक खासदार, विमानतळ एक. गोव्याचे खासदार दोन, विमानतळं दोन. तीही पेडण्यातलं एक उत्तरेच्या वाट्याला आणि मुरगावातलं एक दक्षिणेच्या वाट्याला, अशी भावकीत वाटणी करावी तशी. खासदारागणिक एक विमानतळ, हे छोट्या राज्यांचं सूत्र दिसतं. त्या सूत्राने पाहिलं तर शिरूर तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात आणि दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात. म्हणजे मागणी एका विमानतळाची नव्हेच, दोनांची व्हायला हवी. मागणीची ही धार आजवर कुणाच्या लक्षात कशी आली नाही, कळत नाही.

इतिहासही मागणीच्या बाजूने आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे–नगर रस्त्यावर, आणि त्या रस्त्यावर शिरूर लागतं. म्हणजे महाराष्ट्रात एसटीची धूळ ज्यांच्या डोळ्यांत सर्वांत आधी गेली, त्यांत शिरूरकर येतात. दौंडचं तर विचारूच नका. एकोणिसाव्या शतकात मनमाडचा फाटा इथून निघाला तेव्हापासून ते जंक्शन आहे. इंग्रज त्याला ‘धोंड’ म्हणत आणि म्हणूनच रेल्वेच्या दफ्तरी स्टेशनचा कोड अजून ‘डीडी’ आहे. पण याच इतिहासात पुढचा धडाही आहे आणि तो विमानतळवाल्यांनी नीट वाचलेला नाही. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं तोंड दौंडला उलट्या दिशेला यायचं. मग इंजिन सोडायचं, फिरवून आणायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. या अर्ध्या तासात दौंडचे चहावाले, वडेवाले, पाणीवाले, गाडीतून खाली उतरून पाय मोकळे करणारे आणि ‘गाडी सुटली’ म्हणून धावणारे असा एक भरलेला संसार फलाटावर उभा राहायचा. मग वेळ वाचवायला कॉर्ड लाईन झाली. इंजिन फिरवायची गरज उरली नाही, गाडी वेळेत पुण्याला जाऊ लागली, आणि कित्येक गाड्यांना दौंड जंक्शनात शिरायचीच गरज उरली नाही. शिरूरलाही तोच अनुभव. रस्ता रुंद झाला, बायपास आला, आणि नगरची गाडी शिरूरच्या बाहेरून शिरूरला वळसा घालून निघून गेली. वेगाचं हे असं असतं. तो ज्या गावासाठी आणला म्हणून सांगतात त्या गावाच्या बाहेरून जातो. रस्त्याने बाहेरून, रेल्वेने बाजूने, आणि विमान आलं तर ते वरून जाईल.

यावर एक आक्षेप लगेच येतो : ‘वरून का जाईल? विमानतळ इथेच असेल तर उतरेल की.’ उतरेल. पण आपल्या माणसाला घेऊन कुठे जाईल? शिरूरच्या आणि दौंडच्या माणसाला घाईने जिथे पोहोचायचं असतं त्या जागांची यादी करून पाहा. तहसील कचेरी, प्रांत, जिल्हा न्यायालय, ससून, मुलीचं कॉलेज, कारखान्याचं शेतकी ऑफिस, पंढरपूर, तुळजापूर, आणि कधीमधी मंत्रालय. यातल्या एकाही ठिकाणी धावपट्टी नाही. मंत्रालयाजवळ समुद्र आहे, एवढंच. राहिले दिल्ली, बंगळूर आणि दुबईला जाणारे. त्यांच्यासाठी लोहगाव आहे. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये उभारलेला तो तळ अजून हवाई दलाचाच आहे, धावपट्टी त्यांची, नागरी विमानं आपली पाहुण्यासारखी. घरमालकाच्या सोयीने पाहुण्याने बसायचं-उठायचं. तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं आणि प्रवासी आत शिरले जुलैत. आपल्याकडे फीत नेहमी विमानाच्या आधी पोहोचते. लोहगाव हे तुकोबारायांचं आजोळ, म्हणून विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. ते सर्वार्थाने योग्य आहे. वारकऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे या जिल्ह्यातलं पहिलं उड्डाण देहूहून तुकोबांचंच, आणि त्यासाठी कुणाची एक गुंठा जमीनही संपादित करावी लागली नव्हती.

तर लोहगाव. शिरूरचा विचार केला तर हे विमानतळ पुण्याच्या अलीकडे, म्हणजे शिरूरच्याच बाजूला आहे. अंतर सत्तर किलोमीटरच्याही आत. पण मध्ये शिक्रापूरचा चौक आहे, सणसवाडी-कोरेगावची कंपन्यांची सुटलेली पाळी आहे, आणि त्या सगळ्यांच्या पुढे वाघोली आहे. पुण्याहून दिल्लीला विमान सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचतं. शिरूरहून निघालेला माणूस लग्नसराईच्या संध्याकाळी तेवढ्या वेळात वाघोलीला असतो, आणि तिथे त्याला खिडकीतून आपलंच विमान उडताना दिसतं. दौंडचा माणूस हुशारीने थेऊर फाट्यावरून आत वळतो, केसनंदमार्गे येतो आणि शेवटी वाघोलीतच येऊन शिरूरच्या माणसाला भेटतो. दोन तालुक्यांचं असं मीलन दुसरीकडे कुठेही होत नाही. आता यावर उपाय नवं विमानतळ हा नसून वाघोलीचा रस्ता हा आहे, हे कुणीही सांगेल. पण ‘वाघोलीपासून फक्त १५ मिनिटे’ अशी पाटी लावून प्लॉट विकला जात नाही, उलट ग्राहक घाबरून पळतो.

दुसरा आक्षेप शेतमालाचा. विमानतळ झालं की इथला माल थेट दुबईत, असं भाषणात म्हणतात आणि टाळ्या पडतात. या भागात मुख्य माल दोन, ऊस आणि कांदा. ऊस विमानात घालायचा तर आधी त्याची मोळी बांधावी लागेल आणि ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमागे ‘टाटा, बाय-बाय, पुन्हा भेटू’ लिहायचं ते शेपटीवर लिहावं लागेल. राहिला कांदा. त्याचा किलोचा भाव विमानाच्या भाड्याला परवडेल इतका ज्या दिवशी वाढतो, त्या दिवशी सरकार निर्यातबंदी घालतं. ८ डिसेंबर २०२३ ला घातली ती मेपर्यंत चालली. म्हणजे कांद्याला भाव नसतो तेव्हा विमान परवडत नाही आणि भाव असतो तेव्हा विमानात चढू देत नाहीत. डाळिंबाचं आणि फुलांचं म्हणणं वेगळं आहे, ते मान्य. पण डाळिंब लोहगावहूनही जाऊ शकतं, त्याला वाघोलीत चिडचिड होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छोटी राज्यं मूर्ख आहेत का? त्यांनी बांधली ना? बांधली. सिक्कीमचं पाकयाँग विमानतळ सप्टेंबर २०१८ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालं. डोंगराच्या कुशीत कापून केलेली धावपट्टी फोटोत फार सुंदर दिसते. मात्र धुकं आणि ढग यांच्यामुळे उड्डाणं वारंवार बंद पडली आणि सिक्कीमचा माणूस पूर्वीसारखाच डोंगर उतरून शेजारच्या बंगालातल्या बागडोगऱ्याला जातो, म्हणजे त्यांचं लोहगाव त्यांना चुकलेलं नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात चिपीच्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०१९ मध्ये झालं, नियमित विमान यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, तेव्हा पुन्हा उद्घाटन झालं. पुढे सव्वा वर्षात शेजारी मोपा सुरू झालं आणि पाहुणे तिकडे उतरू लागले. आणि सोलापूर! तिथे धावपट्टी होती, टर्मिनल होतं, प्रवासी होते, पण मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होती. चिमणी राहणार की विमान येणार, यावर वर्षानुवर्षं गाव दुभंगलं. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली, आणि ९ जून २०२५ ला विमान उडालं. चिमणी उडाल्यावर विमान उडायला दोन वर्षं लागली. ज्या प्रदेशात निवडणुका चिमणीच्या सावलीत होतात, जिथे पाटसला भीमा कारखाना, न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, आणि मधल्या प्रत्येक फाट्यावर गुऱ्हाळाचा धूर आहे, तिथे धावपट्टीची आखणी करणाऱ्याने सोलापूरची ही गोष्ट आधी वाचावी. दौंड तालुक्यात विमानाला लागणारी दृश्यमानता गुऱ्हाळांना सुट्टी असेल त्याच दिवशी मिळेल.

हे सगळं खरं असलं तरी या तालुक्यांत हवाई वाहतूक नाही असा समज करून घेऊ नये. ती आहे, आणि तिचं विमानतळ हलतं आहे. ते गरजेप्रमाणे शाळेच्या मैदानावर येतं. कारखान्यात मोळी टाकायचा कार्यक्रम असो, सभा असो, की बड्या घरचं लग्न असो, आदल्या दिवशी बांधकाम खात्याचा रोलर मैदानात शिरतो. मुलं दगड वेचतात. टँकर पाणी मारतो, कारण धूळ उडाली तर पाहुणे खोकतात. मग पांढऱ्या चुन्याच्या फक्कीने मोठं वर्तुळ मारायचं आणि मध्ये इंग्रजी ‘एच’. हा एच काढायचा मान बहुतेक वेळा पीटीच्या सरांना मिळतो, कारण कबड्डीच्या रेषा मारून त्यांचा हात बसलेला असतो, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी तो एच कबड्डीच्या मैदानासारखा ऐसपैस होतो. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापड बांधतात. तेही कमी पडू नये म्हणून कोपऱ्यात ओलं पाचट पेटवून धूर करतात. एमआयडीसीतून अग्निशामक येतो. रुग्णवाहिका येते, तिच्यातले डॉक्टर सावली शोधतात. सरपंचांच्या ओट्यावर व्हीआयपी लाउंज होतो. चहा येतो, नंतर पोहे, नंतर पुन्हा चहा, कारण उशीर होतोच. मुंबईहून निघाले, लोणावळ्याला ढग आहेत, निघाले, अजून निघाले नाहीत. मग अचानक कुणाला तरी आवाज येतो. पुढची दोन मिनिटं वर्णनाच्या पलीकडची. मांडवाच्या झालरी, टोप्या, पदर, निमंत्रणपत्रिका, पंगतीच्या पत्रावळी असं जे जे हलकं आहे ते सगळं उडतं आणि चहात धूळ जाते. साहेब वाकून उतरतात. वर पंखा बराच उंच असला तरी वाकून उतरायचं असतं, त्याशिवाय हेलिकॉप्टरमधून उतरल्यासारखं वाटत नाही. वीस मिनिटांनी सगळं परत. दुसऱ्या दिवशी त्या एचच्या दोन उभ्या रेषांमध्ये बॅट टेकवून मुलं क्रिकेट खेळतात.

हिशेब करा. सुरक्षा, उशीर, लाउंज, खानपान, गर्दी, स्वागत, वाऱ्याचा अंदाज, अग्निशमन. विमानतळाला लागणारं सगळं एका दिवसात, एका मैदानावर, चार पोती चुन्यात झालं, आणि दुसऱ्या दिवशी मैदान मुलांना परत मिळालं. हेलिपॅडची ही परत देण्याची खोड विमानतळाला नसते. आणि हे एकच हवाई साधन आहे असंही नाही. महिला बचत गटांना मिळालेले फवारणीचे ड्रोन आता उसावर घुमतात, जिथे माणूस शिरू शकत नाही तिथे वरून औषध मारतात. जून-जुलै २०२४ मध्ये तर रात्री-अपरात्री आकाशात दिवे लुकलुकत घिरट्या घालू लागले आणि शिरूरसह कित्येक तालुक्यांत गावं काठ्या घेऊन जागी राहिली. चोर टेहळणी करतात अशी वदंता होती, पोलिसांनी रात्री शोधाशोध केली. या भागाला नियमित रात्रीची हवाई सेवा मिळाली ती तेवढे दोन महिने, आणि तिचं स्वागत लाठ्याकाठ्यांनी झालं. शिवाय मोराची चिंचोली आहेच. तिथला मोर हा या प्रदेशातला सर्वांत जुना नियमित प्रवासी. त्याला उडायला लांब धावपट्टी लागते, अंगावर बोजा फार असतो, तो थोडंसंच उडतो आणि त्याला पाहायला मात्र पुण्याहून गाड्या येतात. छोट्या विमानतळाचं वर्णन याहून थोडक्यात करता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रस्तावित विमानतळाचा फायदा झाला म्हणतो तो कसा? पुण्याचं नवं विमानतळ चाकणला होणार, असं म्हणण्यात एक पिढी वाढली. चाकणला होईना, मग खेड तालुक्यातच दुसरी जागा पाहिली. तिथे डोंगर आडवे आले. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये पुरंदरची घोषणा झाली. खेड हा शिरूर लोकसभेतला तालुका. त्यामुळे २०१९ च्या निवडणुकीत ‘विमानतळ कुणी घालवलं’ हा तिथे प्रचाराचा मुद्दा झाला. विचार करा, ज्याची एक वीटही लागली नव्हती ते विमानतळ हरवलं, आणि हरवलं म्हणून माणसं दुखावली. बांधलेल्या विमानतळाबद्दल इतकं प्रेम कुणी दाखवलं असतं? त्याच्या पार्किंगच्या दराबद्दल तक्रारी केल्या असत्या. चाकणकाळात शिक्रापूरच्या बाजूला जमिनी फिरल्या, पुरंदरकाळात दौंडच्या बाजूला फिरल्या. एजंटांच्या चारचाकी आल्या, मुलांच्या लग्नाच्या बायोडाट्यात ‘विमानतळाजवळ दीड एकर’ अशी नोंद झाली, आणि विमानाचा एकही आवाज झाला नाही. म्हशींनी दूध चोरलं नाही. शेजारच्या राजकीय पक्षाला विरोधासाठी विषय मिळाला. एका न झालेल्या वस्तूने याहून जास्त काय करावं?

इथे मला माझ्याच मताला एक मोठी दुरुस्ती करावी लागते, नाहीतर हा सगळा युक्तिवाद पाटीवाल्याचाच ठरेल. प्रस्तावित विमानतळ भलं करतं ते पंधरा मिनिटांवरच्या माणसाचं. शून्य मिनिटांवरच्या माणसाचं काय? पुरंदर तालुक्यातली पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं २०१६ पासून शून्य मिनिटांवर आहेत. तिथे सीताफळ आहे, अंजीर आहे. अंजिराची बाग लावायची तर आज लावून काही वर्षं वाट पाहायची असते. आणि जमीन जाणार की राहणार हेच ठाऊक नसेल तर कोण लावेल? विहीर खोल करायची का, घरावर स्लॅब टाकायचा का, मुलाला शेतीत ठेवायचं की चाकणच्या कंपनीत पाठवायचं, या सगळ्या प्रश्नांचं उत्तर ‘ते विमानतळाचं काय ते ठरू दे’ असं येतं. ते ठरलं, मधेच जागा सरकवायचं ठरलं, संरक्षण खात्याची परवानगी आली आणि परत घेतली गेली, पुन्हा पहिल्याच जागेवर आलं. आधी सुमारे अठ्ठावीसशे हेक्टर लागतील म्हणाले, २०२५ मध्ये ते तेराशेच्या आसपास आणलं. मे २०२५ मध्ये ड्रोन घेऊन मोजणीला लोक आले तेव्हा गावकऱ्यांनी अडवलं, लाठीमार झाला. पाहा, ड्रोन तोच; शिरूरला रात्री आला तर चोराचा, पुरंदरला दिवसा आला तर सरकारचा, आणि दोन्हीकडे माणसं काठीसमोर किंवा काठी घेऊन उभी.

म्हणून ‘विकासाला विरोध करतात’ हा आरोप जो त्या सात गावांवर होतो, तो मला अर्धवट वाटतो. ते विरोध करत नाहीत, ते अंतर मोजतात. यवतच्या प्लॉटधारकाला विचारा, तो म्हणेल विमानतळ झालंच पाहिजे. त्याचा प्लॉट सात गावांपैकी एखाद्यात हलवा आणि पुन्हा विचारा. देशहिताचं प्रमाण विमानतळाच्या कुंपणापासूनच्या अंतरावर अवलंबून असतं : शून्य मिनिटांवर ते नसतं, पंधरा मिनिटांवर भरतीला येतं, आणि दोन तासांवर, म्हणजे शिरूरला, पुन्हा ओसरून ‘आपल्याला काय त्याचं’ होतं. कुणी म्हणेल, मोबदला मिळतो ना? मिळतो, आणि चांगला मिळावा. पण मोबदला घेतलेल्या माणसाला पंधरा मिनिटांवर तेवढीच जमीन घ्यायची तर भाव बघून चक्कर येते, कारण तो भाव त्याच्याच जमिनीवर होणाऱ्या विमानतळामुळे चढलेला असतो. स्वतःच्या वाड्यातून चोरीला गेलेला माल स्वतःच विकत घेण्यासारखं हे आहे.

तेव्हा शिरूर-दौंडच्या अभिमानी लोकांना माझी सूचना आहे, आणि ती पूर्ण व्यवहारी आहे. मागणी जरूर करा, ठराव करा, निवेदनं द्या. मात्र विमानतळ दोन्ही तालुक्यांपासून पंधरा मिनिटांवर पाहिजे आणि शून्य मिनिटांवर कुणीही नको, एवढ्या दोन अटी त्यात घाला. नकाशा काढला तर अशी एकच जागा सापडते, ती म्हणजे भीमेचं पात्र. शिरूर आणि दौंड यांच्या बरोबर मधून ती वाहते. तिच्या पात्राचा कुणाच्या नावे सातबारा नाही. डोंगर नाही, चिमणी नाही. सपाटीकरणाचं बरंचसं काम वाळूवाल्यांनी रात्री जागून आधीच केलेलं आहे, फक्त खड्डे तेवढे बुजवावे लागतील. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडलं की चार महिने सेवा बंद राहील, पण तशी ती पाकयाँगचीही राहते, त्याने राज्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाताना ज्या पुलावरून भीमा ओलांडतात, त्याच्या आसपासची जागा पाहणीला चांगली. फक्त पुलाच्या त्या टोकाच्या गावाचं नावही पारगावच आहे. सरकारी पत्र काढताना ‘ता. दौंड’ हे स्वच्छ अक्षरांत लिहावं, नाहीतर मोजणीवाले पुन्हा पुरंदरच्याच पारगावात जाऊन उभे राहतील.